जीर्णोद्धार आणि जतन : वास्तुविशारद थॉमस हार्डीचे वाङ्मयीन जीवन

१

मराठी प्रादेशिक कादंबरीची चर्चा सुरू झाली, की थॉमस हार्डीच्या वेसेक्सचा उल्लेख बहुधा येतोच. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांतील कोकणाचा विचार करताना तर तो विशेष आठवतो. आपल्याकडील महाविद्यालयांतून इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या अनेक पिढ्यांनी हार्डीची एखादी तरी कादंबरी अभ्यासली आहे. या परिचयातला हार्डी मुख्यतः नियतीचा भाष्यकार, ग्रामजीवनाचा चित्रकार आणि शोकात्म कादंबरीचा शिल्पकार असतो. वयाच्या १६व्या वर्षापासून ३२व्या वर्षापर्यंत तो वास्तुविशारदाच्या व्यवसायात होता, ही बाब मात्र चरित्रात्मक टिपणातील एखाद्या ओळीत संपते.

ज्या अभ्यासकांनी या बाबीची दखल घेतली, त्यांपैकी अनेकांनी तिचा अर्थ एकाच दिशेने लावला आहे. हार्डीच्या कथानकांची बांधणी रेखीव व सममित असते, घटनांना घटना भूमितीतल्यासारख्या जुळतात. तेव्हा वास्तुकलेने त्याला रचना शिकविली, असे हे प्रतिपादन आहे. ते सर्वस्वी चुकीचे नाही, पण अपुरे आहे. हार्डीने त्या सोळा वर्षांत नव्या इमारती फारशा उभारल्याच नाहीत. त्याचे बरेचसे काम जुन्या चर्चवास्तूंच्या जीर्णोद्धाराचे होते. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या वास्तूचे नेमके काय होते, हे त्याने स्वतःच्या हातांनी अनुभवले, आणि पुढे त्याबद्दल त्याला पश्चात्ताप झाला. हा पश्चात्ताप त्याच्या वाङ्मयीन जीवनाच्या मुळाशी कसा आहे, हे त्याच्या चरित्राच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

हार्डीचा जन्म २ जून १८४० रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील हायर बॉकहॅम्टन या वाडीत झाला. जन्मतः हे मूल मृत आहे असे समजून बाजूला ठेवले गेले होते. सुइणीच्या ते लक्षात आले म्हणून वाचले. वडील गवंडीकाम करणारे, पुढे लहानसे कंत्राटदार झालेले. आई जेमायमा ही लग्नापूर्वी मोठ्या घरांतून चाकरीला होती. तिला वाचनाची आवड होती आणि मुलाने बापाच्या पुढची पायरी गाठावी अशी तिची जिद्द होती.

या घराला दोन वारसे होते. एक दगडविटांचा आणि दुसरा सुरांचा. हार्डीचे आजोबा, वडील व चुलते स्टिन्सफर्ड येथील चर्चमध्ये व्हायोलिन व चेलो वाजवीत. चर्चच्या पश्चिमेकडील सज्जात बसणाऱ्या या गावकरी वादकांच्या ताफ्याला गावात मान होता. हार्डीला समजू लागण्यापूर्वीच तो ताफा मोडला. त्याने तो प्रत्यक्ष ऐकला नाही, घरातल्या आठवणींतून ऐकला. जे आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले नाही, पण ज्याच्या नाहीसे होण्याची हळहळ घरात भरून राहिली आहे, अशा गोष्टींविषयीची त्याची ओढ येथे सुरू होते.

गावच्या शाळेतून तो डॉर्चेस्टरच्या शाळेत गेला. घरापासून तेथवरची सुमारे तीन मैलांची वाट तो रोज पायी तुडवीत असे. तेथे त्याने लॅटिनचे धडे घेतले. विद्यापीठात जाण्याइतकी ऐपत घरात नव्हती. गवंड्याच्या हुशार मुलाला त्या समाजरचनेत एक पायरी वर नेणारा मार्ग कोणता, याचे उत्तर व्यवहारी होते. ज्यांच्या आराखड्यांवरून बाप भिंती उभारी, त्यांच्यापैकी एकाच्या हाताखाली मुलाला उमेदवारीला ठेवणे. १८५६ साली, वयाच्या १६व्या वर्षी, हार्डी डॉर्चेस्टरमधील वास्तुविशारद जॉन हिक्स यांच्या कार्यालयात रुजू झाला.

३

हिक्स यांचे कार्यालय डॉर्चेस्टरच्या साउथ स्ट्रीटवर होते. चर्चवास्तूंचा जीर्णोद्धार हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडभर या कामाची लाट आली होती. मध्ययुगीन गॉथिक शैली हीच चर्चची खरी शैली, अशी धारणा त्यामागे होती. पुढील शतकांत चर्चमध्ये जे काही भर घालून वाढले होते, ते अशुद्ध समजले जाई. उमेदवार हार्डीकडे अशा चर्चची मोजमापे घेण्याचे, त्यांची रेखाटने करण्याचे काम असे. ज्या भागांची रेखाटने तो बारकाईने करी, त्यांपैकी कित्येक काही महिन्यांतच पाडले जात.

या कार्यालयातले दिवस रूक्ष मात्र नव्हते. हिक्स स्वतः अभ्यासू होते. हेन्री बॅस्टो नावाचा सहउमेदवार बाप्तिस्मा प्रौढपणी व्हावा की बालपणी, या प्रश्नावर हार्डीशी वाद घाली, आणि त्या वादापायी दोघांनीही ग्रीक भाषेतला नवा करार अभ्यासायला घेतला. हार्डी पहाटे उठून ग्रीक वाची आणि मग कामाला जाई. व्याकरणाचा वाद मिटेना, तर शेजारीच शाळा चालविणाऱ्या विल्यम बार्न्स यांच्याकडे धाव घेतली जाई. बार्न्स हे भाषापंडित व डॉर्सेटच्या बोलीत कविता लिहिणारे कवी. बोलीभाषा ही अशुद्ध प्रमाणभाषा नसून तिला स्वतःचा इतिहास आहे, ही जाणीव हार्डीला त्यांच्या सहवासात मिळाली असावी. होरेस मूल हा केंब्रिजला शिकलेला मित्रही याच काळात लाभला. त्याने हार्डीला नवे ग्रंथ, नवे विचार दिले. तथापि ग्रीक नाटके पुढे अभ्यासण्यापेक्षा व्यवसायावर लक्ष द्यावे, असा सल्लाही त्यानेच दिला. १८७३ मध्ये मूलने केलेली आत्महत्या हा हार्डीच्या आयुष्यातला मोठा आघात ठरला.

बॅस्टो पुढे ऑस्ट्रेलियाकडे गेला आणि व्हिक्टोरिया प्रांताच्या शिक्षणखात्याचा वास्तुविशारद म्हणून त्याने तेथील अनेक शाळागृहे उभारली. एकाच टेबलावर आराखडे काढणाऱ्या दोन उमेदवारांच्या वाटा किती भिन्न झाल्या, हे यावरून ध्यानात येते. व्यवसायाचे शिक्षण माणसाला एक वाट दाखविते. ती वाट कोठवर चालायची हे ते ठरवीत नाही.

४

एप्रिल १८६२ मध्ये हार्डी लंडनला गेला आणि आर्थर ब्लोमफील्ड यांच्याकडे सहायक म्हणून लागला. ब्लोमफील्ड हे लंडनच्या माजी बिशपचे पुत्र. चर्चवास्तूंच्या कामात त्यांचे नाव मोठे होते. १८६३ हे वर्ष हार्डीच्या व्यावसायिक यशाचे म्हणावे लागेल. आधुनिक वास्तुकलेत रंगीत विटा व भाजक्या मातीचे काम यांचा उपयोग कसा करावा, या विषयावरील निबंधासाठी ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला रौप्यपदक दिले. पदकाबरोबरची रोख रक्कम मात्र रोखून धरली, कारण विषयाचा एक भाग, म्हणजे घडीव आकाराच्या विटांचा, त्याने पुरेसा हाताळला नव्हता. त्याच वर्षी एका लहान ग्रामीण हवेलीच्या आराखड्यासाठीही त्याला पारितोषिक मिळाले.

तरीही त्याचे मन स्थिर नव्हते. दुपारच्या जेवणानंतर तो राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात जाई आणि एका वेळी एकाच चित्रकाराची चित्रे पाही. वृत्तपत्रांसाठी कलासमीक्षा लिहावी, हा एक बेत झाला. पद्यनाटके लिहावीत व त्यासाठी रंगभूमीची आतून ओळख करून घ्यावी, हा दुसरा. केंब्रिजला जाऊन धर्मोपदेशक व्हावे, खेड्यातले चर्च सांभाळीत कविता लिहावी, हा तिसरा. तो श्रद्धा ढळल्यामुळे सोडावा लागला. या काळात त्याने बऱ्याच कविता लिहिल्या. एकही छापून आली नाही. छापले गेलेले पहिले लेखन मात्र लक्षणीय आहे. १८६५ साली ‘चेंबर्स जर्नल’मध्ये एका कुटुंबवत्सल गृहस्थाने स्वतःचे घर बांधताना झालेल्या फजितीची विनोदी हकीकत प्रसिद्ध झाली, ती हार्डीची होती. साहित्यात त्याचा प्रवेश वास्तुविशारदाच्या दारातूनच झाला.

याच सुमारास त्याच्यावर एक विलक्षण कामगिरी आली. मिडलंड रेल्वेचा मार्ग लंडनच्या जुन्या सेंट पँक्रस दफनभूमीतून जाणार होता. तेथील प्रेते उकरून अन्यत्र नीट पुरली जातात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी ब्लोमफील्ड यांच्याकडे होती आणि रात्रीच्या देखरेखीस हार्डीला जावे लागे. एकदा एक शवपेटी फुटली, तेव्हा तीत एक सांगाडा आणि दोन कवट्या निघाल्या. हा प्रसंग तो आणि ब्लोमफील्ड पुढे अनेक वर्षांनीही आठवीत. या दफनभूमीत हलविलेल्या थडग्यांचे दगड एका झाडाभोवती चक्राकार रचलेले होते. ते झाड हार्डीच्या नावाने ओळखले जाई. डिसेंबर २०२२ मध्ये ते उन्मळून पडले. झाडाचा आणि हार्डीचा संबंध संशोधकांना शंकास्पद वाटतो. पण ज्यांची नावे दगडावर आहेत त्यांची हाडे भलतीकडे गेली, ही विसंगती हार्डीच्या मनातून गेली नाही. १८८२ मधील सपाट केलेल्या स्मशानभूमीवरील कवितेत मृतच आपली सरमिसळ झाल्याची तक्रार करतात. विनोद आणि भय यांचे ते मिश्रण थेट सेंट पँक्रसहून आलेले आहे.

५

थेम्सकाठच्या कुंद हवेने प्रकृती ढासळली आणि १८६७ च्या उन्हाळ्यात हार्डी डॉर्सेटला परतला. हिक्स यांच्याकडे थोडे काम करावे, उरलेला वेळ लेखनाला द्यावा, असा क्रम सुरू झाला. ‘द पुअर मॅन अँड द लेडी’ ही पहिली कादंबरी त्याने याच काळात लिहिली. प्रकाशक मॅकमिलन यांनी ती नाकारली. दुसऱ्या प्रकाशकाचे वाचक म्हणून जॉर्ज मेरेडिथ यांनी १८६९ मध्ये त्याला भेटून सांगितले, की वरच्या वर्गावरील इतका उघड हल्ला नव्या लेखकाला महागात पडेल. अधिक गुंतागुंतीचे कथानक रचावे. ती कादंबरी कधीच प्रसिद्ध झाली नाही.

१८६९ मध्येच हिक्स वारले. त्यांचा व्यवसाय वेमथचे क्रिकमे यांनी घेतला आणि चर्चची कामे जाणणारा म्हणून हार्डीला बोलाविले. मार्च १८७० मध्ये त्यांनी त्याला कॉर्नवॉलमधील सेंट जुलिएट या दूरच्या चर्चची पाहणी करण्यास पाठविले. पहाटे चारच्या सुमारास निघून तो संध्याकाळी पोचला. धर्मोपदेशक आजारी होते, म्हणून त्यांच्या मेहुणीने त्याचे स्वागत केले. तीच एमा गिफर्ड. पाहुण्याच्या खिशातून डोकावणारा निळा कागद तिला चर्चचा आराखडा वाटला. ते निघाले कवितेचे हस्तलिखित.

या भेटीचे प्रेमकथा म्हणून पुष्कळ वर्णन झाले आहे. आपल्याला तिची दुसरी बाजू पाहायची आहे. सेंट जुलिएटच्या जुन्या चर्चचा मनोरा आणि इतर काही भाग पाडून नवे काम करण्याचे ठरले, आणि ते आराखडे हार्डीच्या हातचे होते. तेथे लाकडी नक्षीचा एक जुना पडदा होता. हार्डीने त्याचे तपशीलवार चित्र काढून तो दुरुस्त करून ठेवावा अशी सूचना लिहिली होती. पुढे पाहतो तो त्या जागी चकचकीत वार्निश लावलेला नवा पडदा! जुने कशाला डागडुजी करीत बसायचे, म्हणून कंत्राटदाराने उदार मनाने पदरच्या खर्चाने नवा करून दिला होता. यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. सगळेच सदिच्छेने वागले आणि शतकांची वस्तू एका दिवसात गेली. हार्डीच्या कादंबऱ्यांत खलपुरुषांपेक्षा सदिच्छा, गैरसमज आणि एखादी चुकलेली वेळ यांनीच अधिक नाश होतो. त्याची ही दृष्टी केवळ तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून आली, असे म्हणणे या अनुभवामुळे कठीण होते.

व्यवसाय सोडण्याचा निर्णय सहज झाला नाही. ‘डेस्परेट रेमेडीज’ ही कादंबरी १८७१ मध्ये निनावी प्रसिद्ध झाली. त्यासाठी हार्डीने स्वतःच्या बचतीतून ७५ पौंड प्रकाशकाला दिले आणि सुमारे ६० पौंड परत मिळाले. एका साप्ताहिकातील कठोर परीक्षण त्याने घरी जाताना वाटेतल्या कुंपणाच्या पायरीवर बसून वाचले आणि जिणे नकोसे झाले. आता साहित्य सोडून वास्तुकलेलाच चिकटून राहतो, असे त्याने एमाला कळविले. लग्न व्हायचे तर स्थिर उत्पन्नाची वाट धरणे तिच्याही हिताचे होते. तरी लेखन हेच त्याचे खरे कार्य आहे, असे तिने उलट कळविले. पुढे त्यांचा संसार दुःखाचा झाला. परंतु या एका पत्राचे ऋण हार्डीने कधी नाकारले नाही.

१८७२ मध्ये ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’चे सर्व हक्क त्याने ३० पौंडांना विकले. चर्चमधल्या जुन्या वादकांची जागा ऑर्गन घेतो, ही तिची कथा घरच्या आठवणींतून आलेली. त्याच वर्षी तो लंडनमध्ये रॉजर स्मिथ या वास्तुविशारदांच्या हाताखाली शाळागृहांचे आराखडे काढीत होता. ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’ मासिकातून क्रमशः देण्याचे ठरले, त्याचे २०० पौंड मिळणार होते. हार्डीने कार्यालय सोडले ते कायमचेच. १८७४ मध्ये ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’साठी ‘कॉर्नहिल’कडून ४०० पौंड मिळाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्याने एमाशी विवाह केला. आकडे येथे मुद्दाम दिले आहेत. हार्डीने अंतःप्रेरणेच्या एका क्षणी नोकरी झुगारली, अशी कल्पना करणे काव्यात्म असले तरी सत्य नाही. गवंड्याच्या मुलाने पाऊल टाकण्यापूर्वी जमीन चाचपून पाहिली. ७५ पौंडांच्या गुंतवणुकीपासून २०० पौंडांचा मोबदला ठरेपर्यंत त्याचा एक पाय आराखड्यांच्या टेबलाखालीच होता.

६

कादंबरीकार झाल्यावर हार्डीने सोडलेल्या व्यवसायाकडे पुन्हा पुन्हा पाहिले. ‘डेस्परेट रेमेडीज’मधील एडवर्ड स्प्रिंगग्रोव्ह, ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’मधील स्टीफन स्मिथ आणि १८८१ मधील ‘अ लाओडिसियन’मधील जॉर्ज सॉमरसेट हे तिघेही वास्तुविशारद आहेत. स्टीफन तर गवंड्याचा मुलगा असून जीर्णोद्धारासाठीच कॉर्नवॉलला येतो. त्या कादंबरीत जीर्णोद्धाराचे काम चालू असताना चर्चचा मनोरा कोसळतो आणि त्याखाली एक दुःखी माता चिरडली जाते. प्रसंग योगायोगाचा खरा. पण मनोरा पडतो तो नियतीने नव्हे, तो सुधारण्यासाठी सुरू केलेल्या खोदाईने.

‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मधील दोन स्थळे याच दृष्टीने पाहावीत. मेंढ्यांची लोकर कातरण्याचे मोठे कोठार हे त्यांपैकी पहिले. चर्च आणि किल्ला यांचे मूळ प्रयोजन काळाने झिजविले, परंतु हे कोठार ज्या कामासाठी चार शतकांपूर्वी बांधले, त्याच कामी अजून येते, म्हणून त्याची शोभा जिवंत आहे, असे तेथे निवेदक सुचवितो. वास्तूचे सौंदर्य तिच्या शैलीत नसून तिच्या वापराच्या सातत्यात असते, हा विचार पुस्तकी गॉथिकवाद्यांच्या अगदी उलट आहे. दुसरे स्थळ पन्हळीचे. पश्चात्तापदग्ध ट्रॉय रात्री फॅनीच्या थडग्यावर फुलझाडे लावतो, पाऊस येतो, मनोऱ्यावरील अक्राळविक्राळ मुखाच्या पन्हळीतून पाण्याचा लोट नेमका त्या थडग्यावर कोसळतो आणि सारी रोपे वाहून जातात. आपल्याकडील मंदिरांच्या मकरमुखासारखीच ही रचना. पाणी कोठून पडते, कोठे पडते आणि मनोऱ्यामागच्या त्या दुर्लक्षित कोपऱ्यात कोणाला पुरतात, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच हा प्रसंग सुचावा. नियतीचा क्रूर विनोद म्हणून तो नेहमी सांगितला जातो. त्याचा कार्यकारणभाव मात्र वास्तूतला आहे.

या धाग्याचे टोक १८९५ मधील ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’मध्ये सापडते. ज्यूड वास्तुविशारद नाही, पाथरवट आहे. विद्यापीठाच्या भिंती दुरुस्त करणाऱ्याला त्या भिंतींच्या आत प्रवेश नाही, हा या कादंबरीचा कणा. हार्डीच्या बापाचे हात आणि हार्डीची स्वतःची अपुरी राहिलेली विद्या यांची येथे एकत्र गाठ पडली आहे. कादंबरीच्या आरंभीच मेरीग्रीनच्या जुन्या चर्चची वासलात सांगितली आहे. ते पाडले गेले, त्याचे दगड रस्त्याला आणि डुकरांच्या कुडांना गेले, आणि एका दिवसात लंडनहून येऊन गेलेल्या कोणा गृहस्थाच्या आराखड्यावरून नवे गॉथिक चर्च उभे राहिले. त्या गृहस्थाला हार्डी इतिहासाचे पुरावे पुसून टाकणारा ठरवितो. या उपरोधाची धार बाहेरच्यावर आहे असे वरवर वाटते. परंतु पहाटे निघून संध्याकाळी सेंट जुलिएटला पोचलेला तरुण आठवला, की या वाक्यांत हार्डी स्वतःच्या नावाचाही हिशेब मांडीत आहे, असे मानावे लागते. ‘ज्यूड’वर इतका गदारोळ झाला, की त्यानंतर हार्डीने नवी कादंबरी लिहिली नाही.

७

दरम्यान त्याने व्यवसायाकडे पूर्ण पाठ फिरविली होती असेही नाही. १८८३ ते १८८५ या काळात डॉर्चेस्टरबाहेर त्याने ‘मॅक्स गेट’ हे आपले घर बांधले. आराखडा त्याचा, बांधकाम वडील व भाऊ हेन्री यांचे. पाया खणताना रोमन काळातील सांगाडे निघाले. लाल विटांचे हे घर अनेक पाहुण्यांना रुक्ष वाटले. ते सोयीसाठी बांधले होते, मिरविण्यासाठी नव्हे. ‘टेस’ आणि ‘ज्यूड’ याच घरात लिहिल्या गेल्या.

१८८१ मध्ये तो प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी विल्यम मॉरिस यांनी स्थापिलेल्या संस्थेचा सदस्य झाला. जुन्या वास्तूला मूळ रूपात नेण्याचा दावा करू नये, तिची नित्य निगा राखून ती टिकवावी, असे या संस्थेचे सूत्र होते. हार्डीने तिच्यासाठी डॉर्सेटमधील वास्तूंविषयी माहिती व सल्ला दिला. १८९३-९४ मध्ये वेस्ट नाइटन येथील लहानशा चर्चच्या दुरुस्तीचे काम त्याने स्वतः पाहिले. ती त्याची अखेरची म्हणण्याजोगी व्यावसायिक कामगिरी. १९०६ मध्ये या संस्थेच्या सभेत त्याचा चर्चच्या जीर्णोद्धाराच्या आठवणींवरील निबंध वाचला गेला. आपण तरुणपणी केलेल्या कामाचा त्यात स्पष्ट कबुलीजबाब आहे. वास्तूची शैली पुन्हा घडविता येते, पण त्या दगडांना टेकून प्रार्थना केलेल्या माणसांच्या आठवणी पुन्हा घडविता येत नाहीत, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. प्रख्यात लेखकाने आपल्या पूर्वीच्या व्यवसायबंधूंसमोर असा कबुलीजबाब देणे, ही साधी गोष्ट नव्हती.

८

१८९८ मध्ये ‘वेसेक्स पोएम्स’ प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे हार्डीने स्वतः काढली होती. आराखडे काढणाऱ्याचा हात त्यांत ओळखू येतो. त्यातील वारसदार तरुणी आणि वास्तुविशारद यांच्या संवादाची कविता १८६७ मधील असून ती ब्लोमफील्ड यांना उद्देशून आहे. तरुणी मोकळ्या खिडक्या, काचेची दालने, प्रणयासाठी लहानशी खोली मागत जाते. वास्तुविशारद एकेक मागणी छाटत जातो आणि शेवटी शवपेटी नेता येईल असा जिना ठेवण्यास बजावतो. घराचा आराखडा आयुष्याच्या आराखड्यात असा सहज बदलतो.

पुढील तीस वर्षांत हार्डीने नऊशेहून अधिक कविता प्रसिद्ध केल्या. त्याच्या छंदांत ओबडधोबडपणा आहे, असा आक्षेप अनेक परीक्षकांनी घेतला. पत्नी फ्लॉरेन्सच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या, पण बव्हंशी त्यानेच लिहिलेल्या चरित्रात याचे उत्तर आहे. गॉथिक कारागीर मोजून मापून एकसारखी नक्षी करीत नसे; हेतुपूर्वक ठेवलेल्या अनियमिततेतून तिला जिवंतपणा येई. हेच तत्त्व हार्डीने कवितेत आणले. अक्षरसंख्येच्या काटेकोरपणापेक्षा आघातांची लय त्याने महत्त्वाची मानली. तो आधी कडव्यांचे रिकामे सांगाडे करून ठेवी आणि नंतर त्यांत आशय बसवी. ही सवय शुद्ध वास्तुविशारदाची आहे. मात्र त्या सांगाड्यांची आदर्श आकृती त्याला शाळकरी सममितीत दिसली नाही. जुन्या, हातांनी घडलेल्या दगडांत दिसली. जीर्णोद्धारकांनी जे दोष म्हणून घासून टाकले, ते त्याने कवितेत गुण म्हणून जपले.

मठातील गवंड्यावरील त्याची दीर्घ कविता या दृष्टीने मोलाची आहे. ती त्याने हिक्स यांच्या स्मृतीला वाहिली. ग्लॉस्टरच्या मठाचे काम अडलेले असते. कमानींची रेषा जुळत नाही. रात्री पाऊस पडतो, थंडीने गोठतो, आणि गवंड्याच्या फलकावरील रेषांवर उभे ओघळ थिजून राहतात. त्यांतून त्याला नव्या शैलीची कल्पना सापडते. शोध निसर्गाचा की कारागिराचा, या प्रश्नाने तो पुढे स्वतःच खंतावतो. ओळखण्याची दृष्टी होती म्हणूनच ते ओघळ आकृती झाले, असा कवितेचा कौल आहे. आराखड्यांच्या टेबलावर सोळा वर्षे काढलेल्या माणसाने म्हातारपणी आपल्या गुरूला दिलेली ही गुरुदक्षिणा म्हणावी लागेल.

२७ नोव्हेंबर १९१२ रोजी एमा वारली. कित्येक वर्षे एकाच घरात दुरावलेल्या पत्नीच्या मृत्यूने हार्डी हादरला. मार्च १९१३ मध्ये, पहिल्या भेटीनंतर बरोबर ४३ वर्षांनी, तो पुन्हा सेंट जुलिएटला गेला. त्या चर्चमध्ये एमाच्या नावाची स्मृतिशिला बसविण्याची व्यवस्था त्याने केली. या दिवसांतील कविता त्याच्या सर्वश्रेष्ठ रचनांत गणल्या जातात. त्यांत भग्न झालेल्या वैवाहिक जीवनाला नवे वार्निश लावण्याचा प्रयत्न नाही. दुरावा, अपराधीपणा, न बोललेले शब्द सारे जसेच्या तसे ठेवले आहे, आणि त्यांच्यामधून ते पहिले दिवस दिसू दिले आहेत. तरुणपणी त्याने ज्या ठिकाणी जीर्णोद्धार केला, त्याच ठिकाणी म्हातारपणी त्याने जतन केले.

११ जानेवारी १९२८ रोजी हार्डी निवर्तला. त्याच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीतील कवींच्या कोपऱ्यात ठेवल्या गेल्या आणि हृदय स्टिन्सफर्डला एमाच्या थडग्यात पुरले गेले. एका माणसाचे अवशेष दोन ठिकाणी गेले, हा योग सेंट पँक्रसच्या रात्री आठविणाऱ्याला खास हार्डीचा वाटेल.

९

हार्डीच्या जीवनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. पहिला, त्याचे व्यवसायांतर हा एका विद्येचा त्याग नव्हता. आराखडा काढण्याचे काम सुटले, पण वास्तू पाहण्याची सवय सुटली नाही. दुसरा, वास्तुकलेने त्याला दिलेली मुख्य देणगी कथानकाची सममिती नसून, वस्तूवर उमटलेल्या मानवी वावराच्या खुणा वाचण्याची शक्ती ही होय. तिसरा आणि महत्त्वाचा, ही शक्ती यशातून आली नाही. सदिच्छेने केलेल्या नाशाच्या जाणिवेतून आली. ज्याने जुना मनोरा पाडण्याच्या कागदावर रेषा ओढल्या होत्या, त्यानेच वेसेक्सची बोली, गाणी, वाटा आणि कोठारे पुसली जाऊ नयेत म्हणून पुढची पन्नासहून अधिक वर्षे लिहिले.

मराठीत जीर्णोद्धार हा शब्द पुण्यकर्माचा आहे. देवळाचा जीर्णोद्धार केला म्हणजे उद्धारच झाला, असे आपण मानतो. काळ्या चिऱ्यांवर तैलरंग चढला, जुन्या मंडपाजागी सिमेंटचा आला, तरी क्वचितच हळहळतो. वाङ्मयाच्या अभ्यासकालाही हा मोह चुकत नाही. जुन्या पोथीतील अडलेला पाठ आपल्या व्याकरणानुसार सरळ करणारा संपादक आणि सेंट जुलिएटला नवा पडदा भेट देणारा कंत्राटदार यांच्यात अंतर फारसे नसते; दोघांचाही हेतू चांगलाच असतो. हार्डीचे चरित्र मराठीच्या अभ्यासकाने वाचायचे ते वेसेक्सची तुलना कोकणाशी करण्यापुरतेच नव्हे. आपल्या हातून सुधारणेच्या भरात काय पुसले जात आहे, हे वेळीच ओळखण्यासाठीही ते वाचले पाहिजे.